फिकट शेपटीचा मावा

व्यंकट, तुझ्या तेरवीहून नांदेडला परत आलो त्याला अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मी तुझ्याशी जितकं बोललो तितकं तू जाण्याआधीच्या तीन महिन्यांत बोललो नव्हतो. खरं म्हणजे त्या तीन महिन्यांत काहीच बोललो नव्हतो. बोलणं आधी कुणी टाकलं, तू की मी, याचा उलगडा मला अजून होत नाही.

माझं डोकं ठिकाणावर नाही हे आधीच सांगतो. परवा वर्गात झुरळ शिकवताना मी फळ्यावर मावा काढला आणि त्याच्या अवयवांना झुरळाची नावं देत बसलो. समोरच्या बाकावरच्या मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. घरी बायको म्हणते, "एकदाचं रडून तरी घ्या, नाही तर त्या मायक्रोस्कोपपुढून उठा तरी." मला दोन्ही जमेना. रडायला बसलो की आठवतं, अजून चार काचपट्ट्या बघायच्या राहिल्यात. काचपट्ट्या बघायला बसलो की डोळे भरून येतात आणि भिंगातून काही दिसत नाही.

कुणाला सांगितलं तर हसतील. पन्नाशी उलटलेले दोन बाप्ये, एक कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवणारा, दुसरा जळकोटजवळच्या गावात कोरडवाहू रान कसणारा, आणि दोघं दोन वर्षं भांडले कशावरून, तर तिळाएवढ्या किड्याच्या शेपटीवरून. पण भांडणाला आपल्याला तेवढंही पुरायचं. हॉस्टेलला असताना आपण बेडूक डोळे मिटून गिळतो की उघडे ठेवून, यावर दोन दिवस अबोला धरला होता, आठवतंय ना?

दोन हिवाळ्यांपूर्वी तू ती बाटली घेऊन आलास. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, त्यात स्पिरिट, तळाशी काळ्या किड्यांचा थर. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत ती माझ्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "परफेसर, वळखा."

मी म्हणालो, "ह्यात काय ओळखायचं? करडईवरचा मावा आहे."

"न्हाई. पाथरीवरचा हाय."

"मग करडईवरचा पाथरीवर गेला असेल."

"तेच तर इचारायला आलो ना लेका. त्योच हाय का दुसरा?"

शेजारच्या टेबलावरच्या इंग्रजीच्या बाईंनी पाथरी म्हणजे काय ते विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तूच त्यांना सांगायला लागलास. हिवाळ्यात बांधावर जमिनीला धरून पसरते, फूल पिवळं, पान मोडलं की दूध येतं, आणि आमच्याकडे तिला तण म्हणत नाहीत, भाकरीसंगं कच्चीच खातात. बाईंनी डब्यातून आणून देता का म्हणून विचारलं आणि पुढच्या आठवड्यात तू खरंच जुडी पाठवलीस. माझ्यासाठी नाही पाठवलीस. माझ्यासाठी किडे.

पाथरी आणि करडई एकाच कुळातल्या. एकीवरचा मावा दुसरीवर दिसला तर त्यात मला काही विशेष वाटलं नाही. तरी तुझं मन राखायला मी बाटलीतून तीन किडे उचलले, पोटॅशमध्ये उकळून आतला गाळ काढला, काचपट्टीवर पालथे बसवले. तुला मायक्रोस्कोपपुढच्या स्टुलावर बसवलं. तीस वर्षांनी तू त्या स्टुलावर बसला होतास. बसताना तू आधी हात पँटला पुसलेस, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"पाठीवर मागच्या बाजूला दोन नळ्या दिसतात?" मी विचारलं.

"दिसत्यात. काळ्या. टोकाला जाळी हाय."

"मधोमध शेपटी?"

"ती बी काळीच."

"संपलं. करडईचा मावा."

तू भिंगावरचा डोळा काढला नाहीस. तसाच वाकून म्हणालास, "रानात बघितलं तवा शेपटी फिकी हुती."

"पिल्लांची फिकट असते."

"पिल्लू कोनतं आन् म्हातारं कोनतं, येवढं मला कळतंय."

मला तासाला जायचं होतं. मी बाटली कपाटात ठेवली आणि तुला कँटीनचा चहा पाजून एसटीला बसवलं. बाटलीत आणखी चाळीस-पन्नास किडे होते. मी तीन पाहिले होते. हा आकडा तेव्हा मला बोचला नाही, आता बोचतो.

त्यानंतर तुझे फोन सुरू झाले. मी स्कूटरवर असो, परीक्षेच्या पर्यवेक्षणावर असो, बायकोच्या माहेरच्या लग्नात पंगतीला बसलेला असो, तुझा फोन यायचा. "परफेसर, आत्ता समोर बघून राहिलो. फिकी हाय." मी म्हणायचो, "बरं." तू म्हणायचास, "बरं काय बरं? कागदावर ल्ह्या." मी म्हणायचो, "आधी पिल्लं वाढू दे." तू तिकडून अशी काही शिवी घालायचास की शेजारी बसलेल्या व्याह्यांना ऐकू जाईल म्हणून मी फोन कानाला दाबून धरायचो. खरं सांगू, मला ते फोन आवडायचे. कॉलेजातलं सगळं कसं नेमून दिल्यासारखं चालतं. ज्याला खरंच काही जाणून घ्यायचंय असा माणूस माझ्या आयुष्यात तू एकच उरला होतास. हे मी तुला कधी बोललो नाही. शिव्यांना शिव्यांनीच उत्तर देत राहिलो.

मागच्या हिवाळ्यात तू मला घरीच बोलावलंस. म्हणालास, बाटलीचं राहू द्या, जिता मावा जित्या झाडावर बघा. मी आलो. तू सकाळीच पाथरीची रोपं मुळासकट काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून ओसरीवर ठेवली होतीस, माव्यासकट. आधी जेवू म्हणालास. वहिनींनी ताटं केली. ज्वारीची भाकरी, करडईची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि ताटाच्या कडेला हिरवीगार पाथरी, वर मीठ. मी दोनदा मागून घेतली.

हात धुतल्यावर तू ओसरीवर गेलास आणि तिथूनच ओरडलास, "अनुसया, फडक्यातलं कुटं गेलं?"

"कोनतं? पाथरी? वाढली की ताटात."

"अगं त्याच्यावर किडे हुते!"

"मंग? चार पान्यांत धुतली. किडे काय ऱ्हातेत व्हय?"

मला इतकं हसू फुटलं की ठसका लागला. तू कपाळाला हात लावून पायरीवर बसलास. वहिनी दारात उभ्या राहून आपल्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्यांचं तरी काय चुकलं? ज्या घरात पाथरी ओल्या फडक्यात ठेवतात ती खायलाच ठेवतात. शास्त्राच्या इतिहासात नमुना असा कुणी पचवला नसेल, असं मी म्हणालो, आणि तू हसलास.

पण तुझं शेत घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. तू म्हणालास, "चला, बांधावरची दावतो." मी घड्याळ बघितलं. मुखेडची एसटी साडेतीनला होती. मी म्हणालो, पुढच्या वेळी. त्या दहा मिनिटांवर मी आता रोज जाऊन येतो, व्यंकट, मनातल्या मनात. तिथे गेलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. की घडलंच असतं? मला ठरवता येत नाही.

पुढचं म्हणजे यंदाच्या मार्गशीर्षातला तो मेळावा. गावच्या समाजमंदिरात रब्बीच्या पिकांवर बोलायला मला बोलावलं होतं. बोलावणं तूच घडवून आणलं होतंस. चार जणांना सांगत फिरलास, माझा दोस्त येणार, मोठा परफेसर हाय. मी चांगला इस्त्रीचा सदरा घालून आलो होतो. पुढे टोप्या, मागे पदर, समाजमंदिर भरलं होतं. करडईवरच्या माव्यावर बोलता बोलता मी म्हणालो, हा मावा आधी बांधावरच्या पाथरीवर पोसतो आणि मग पिकात उतरतो, म्हणून पाथरी उपटून टाका. मागच्या बायकांत कुजबुज झाली. त्यांची हिवाळ्याची भाजी मी एका वाक्यात काढून घेत होतो.

तू उभा राहिलास. "सर," म्हणालास. आयुष्यात पहिल्यांदा मला सर म्हणालास. "पाथरीवरचा मावा येगळा हाय. त्यो करडईवर जात न्हाई. मी दोन वर्सं बघून राहिलो."

मी म्हणू शकलो असतो की यावर आमचा वाद चालू आहे. तेच खरं होतं. पण माईक हातात होता, समोर सगळं गाव होतं, आणि मला वाटलं, हा माझी फजिती करतोय. मी म्हणालो, "व्यंकट, शेवटचं वर्ष पुरं केलं असतंस तर हे तुला कळलं असतं."

लोक हसले. तूही हसलास. हसत हसत खाली बसलास.

तू शेवटचं वर्ष का सोडलंस ते त्या समाजमंदिरात मला एकट्याला पुरतं माहीत होतं. परीक्षेला चार महिने असताना वडिलांनी अंथरूण धरलं आणि तू ट्रंक घेऊन गावी गेलास. जाताना तुझं जर्नल मला देऊन गेलास. त्या वर्षी माझ्या जर्नलमधली निम्मी चित्रं तुझ्या हातची होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या चित्रांचं कौतुक केलं तेव्हा मी मान खाली घालून आभार मानले होते. आणि त्याच माणसाला मी भरल्या सभेत पदवी दाखवली.

मेळावा संपल्यावर तू मला मोटरसायकलवरून फाट्यावर सोडलंस. वाटेत मी काहीबाही बोलत होतो, यंदा थंडी चांगली पडली वगैरे. तू हूं हूं करत होतास. एसटी आली. "नीट जा," म्हणालास. मला वाटलं, लागलं नसेल याला, हसला होता की. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

मग तुझे फोन थांबले. मीही केला नाही. मी म्हटलं, त्याला राग आला असेल तर तो शिव्या घालेल, आणि शिव्या घातल्या की मिटलं. तुझ्या शिव्यांची मी खरोखर वाट बघत होतो. संक्रांतीला तुझा एक मिस्ड कॉल आला. एकच रिंग. मी लगेच उलटा फोन करायला घेतला आणि ठेवला. चुकून लागला असेल, म्हटलं. मुद्दाम केला असेल तर पुन्हा करेल. तू केला नाहीस. तो फोन कशाला होता, व्यंकट? तिळगुळाचा होता, की शिवीचा, की माव्याचा? त्या एका रिंगचे माझे इतके अर्थ लावून झालेत की आता ती वाजली होती की नाही याचीच शंका येते.

मग करडईच्या मळणीच्या दिवशी छातीत कळ आली म्हणून तू शेताच्या धुऱ्यावर बसलास आणि तिथेच संपलास. मला निरोप उशिरा मिळाला, मातीला पोचलो नाही. तेरवीला आलो. पंगती उठल्यावर वहिनी माझ्यापाशी येऊन बसल्या. सांत्वनाची वाक्यं मला येतात, आजवर बऱ्याच ठिकाणी वापरली आहेत, पण तिथे एकही तोंडातून फुटेना. म्हणून मी मूर्खासारखं विचारलं, "वहिनी, ती किड्यांची पहिली बाटली, ती व्यंकटनं कुठे बसून भरली होती?"

त्यांना तो प्रश्न विचित्र वाटला नाही. उलट त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "हितंच की, ह्याच ओसरीवर. लई थंडी हुती त्या दिवशी. रानात बसून कुटं येचत बसता, म्हनलं. मी भाजी खुडून आनली हुती, त्या टोपल्यातलेच येचले."

"टोपल्यात पाथरीच होती ना?"

"पाथरी हुती, करडईचे शेंडे बी हुते. दोनी भाज्या येकाच टोपल्यात आनतो आमी, भावजी."

मी तिथे ओसरीवर बसलो होतो आणि तुझ्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती. मला हसू येत होतं, तू समोर असतास तर तुला गदागदा हलवलं असतं. दोन वर्षं, लेका! दोन वर्षं तू मला बाटली दाखवून सांगत राहिलास की हा पाथरीवरचा, आणि बाटलीत दोन्ही झाडांचे किडे होते. रानात डोळ्यांनी नेमकं बघितलंस आणि नमुना घ्यायच्या वेळी थंडी वाजली म्हणून वहिनींच्या टोपल्यातून घेतलास. चुकलास. आणि मी त्यातले तीन उचलून निकाल देऊन टाकला. मीही चुकलो. चुकांचा माझा ढीग मोठा, कारण मला चुकू नये म्हणून पगार मिळतो.

नांदेडला आल्या आल्या कपाटातून बाटली काढली. उरलेले सगळे किडे एकेक करून काचपट्ट्यांवर चढवले. अठरा दिवस तेच करतोय. आज सकाळी शेवटचे चार झाले. बहुतेकांची शेपटी काळी. पण अकरा असे निघाले की नळ्या काळ्या आणि शेपटी फिकट. पिल्लं नाहीत, व्यंकट. पूर्ण वाढलेले, पोटात पिल्लं असलेले मोठे किडे आहेत. मी पुन्हा पुन्हा बघितलं. मनातून मला ती पिल्लं ठरायला हवी होती, हे तुला सांगायला लाज वाटते.

म्हणजे तू म्हणत होतास तो दुसरा मावा आहे. पण तो पाथरीवर असतो आणि करडईवर नाही, हे बाटली कसं सांगणार? टोपल्यात सगळे एकमेकांवर चढलेले. मावा ओळखताना पहिला प्रश्न हाच असतो, कोणत्या झाडावर सापडला? हे मी दर वर्षी मुलांना शिकवतो. त्याचं उत्तर फक्त तुझ्या बांधावर होतं. आजच दुपारची एसटी धरून मी तुझ्या गावी आलो. रजेचा अर्जही टाकला नाही.

वहिनी माझ्याबरोबर शेतात आल्या. करडई निघून गेली होती, रान रिकामं पडलं होतं. मी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून चाललो. पाथरीचं एक पान नव्हतं. उन्हानं गेली असेल म्हणून मी शेजारच्या बांधावर गेलो. तिथे जागोजागी होती, पिवळी पडत आलेली, पण होती. तुझ्याच बांधावर तेवढी नव्हती.

"वहिनी, इथली पाथरी?"

"उपटली की."

"कुणी?"

"ह्यांनीच. तुमचं भाषान झालं त्याच्या दुसऱ्या दिसी. समदा बांध हातानं उपटला, येक रोप ठिवलं न्हाई. मी म्हनलं, कामून उपटून राहिले? तुमीच तर सभेत न्हाई म्हनलाव ना?"

"मग? काय म्हणाला?"

"म्हनले, त्यो शिकलेला हाय. त्याचंच खरं असंल."

व्यंकट, मी वाकून त्या रिकाम्या बांधावरची माती चाचपून बघितली. मग मी त्यांना तो प्रश्न विचारला. सध्या माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. "वहिनी, हे म्हणताना तो रागात होता का? की हसत म्हणाला? की खरंच त्याला तसं वाटत होतं?"

त्यांनी पुष्कळ आठवून बघितलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "आता ध्येनात न्हाई, भावजी. मी भाकरी थापीत हुते. पाठ हुती माझी त्यांच्याकडं."

रागानं म्हणाला असशील तर बरं. चिडून बांध उपटलास, घे तुझी विद्या, असं म्हणालास, तर ते माझ्या वाट्याचं मी घेतो. परीक्षा म्हणून उपटलास असं धरलं तरी चालेल. पाथरी काढूनही करडईवर मावा येतो का ते बघायला, आणि मग मला तोंडघशी पाडायला. ते अगदी तुझ्यासारखं झालं असतं. वहिनी म्हणाल्या की संक्रांतीच्या सुमाराला करडईवर मावा आलाच, पाथरी नसतानाही आला. मग ती एक रिंग त्यासाठी होती का? तू जिंकला होतास आणि सांगायला फोन लावला होतास का? आणि मग पुढे सांगितलं का नाहीस?

पण तिसरीही एक शक्यता आहे. तुला खरंच वाटलं असेल की मला कळतं आणि तुला कळत नाही. दोन वर्षं तू जे स्वतःच्या डोळ्यांनी बघत होतास ते माझ्या एका वाक्यानं तुझं तुलाच खोटं वाटलं असेल. ज्या हातानं माझ्या जर्नलातली चित्रं काढली त्याच हातानं तू ती रोपं एकेक करून उपटली असशील, कारण मी शिकलेला होतो. हे मला सहन होत नाही. या तिन्हींतलं कोणतं खरं ते सांगणारं आता कुणी नाही, आणि मी एक नक्की करतो तोवर दुसरं पटायला लागतं.

शेजारच्या बांधावर मी गुडघे टेकून पाथरीची पानं उलथी केली. तिसऱ्या की चौथ्या रोपावर, पानाखाली, फुलाच्या देठाला धरून मावा होता. थोडाच होता. भिंग डोळ्याला लावलं. कोपर जमिनीला टेकवलं. नळ्या काळ्या होत्या. शेपटी फिकट होती. पुढच्या रोपावरही तसाच, त्याच्या पुढच्यावरही तसाच. काळ्या शेपटीचा एकही दिसला नाही. तीन-चार रोपांवरून काही सिद्ध होत नाही, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो, उद्याही सांगेन. पण तू बरोबर होतास. मला भिंग लावल्याबरोबर कळलं की तू पहिल्या दिवसापासून बरोबर होतास.

मी वहिनींना भिंग दिलं. त्यांनी डोळा बारीक करून बघितलं. "दिसली," म्हणाल्या. "फिकी हाय. हेच म्हनायचे ना ते?"

"हेच म्हणायचा. ह्या माव्याचा करडईशी काही संबंध नाही, वहिनी. माझं चुकलं होतं."

"मंग पाथरी उपटायची न्हवती?"

"नव्हती."

त्यांनी भिंग पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. रिकाम्या बांधाकडे बघत साध्या आवाजात म्हणाल्या, "हे त्यायला सांगाया पायजे हुतं, भावजी."